दुबईत अडकलेली उधारी आणि खरेदी ऑर्डरची मागची बाजू

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मार्च २०२३ मध्ये दुबईच्या एका ट्रेडिंग कंपनीला एक कंटेनर पाठवला. बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या) तारखेपासून ९० दिवसांत पैसे द्यायचे ठरले होते. ३८,४०० डॉलर अजून यायचे आहेत. मालक व्हॉट्सॲपवर ‘पुढच्या महिन्यात’ एवढंच म्हणतात. यूएईशी आता करार झाल्यामुळे निकाल दोन्हीकडे चालतात, असं वाचलं. सोलापूरच्या कोर्टात दावा लावू का?

उत्तर: माल वेगळा, गाव वेगळं, पण हेच पत्र मला सारखं येतं. त्यामुळे दावा कसा लावतात, कोर्ट फी किती, हे सांगत बसत नाही. ते तुमचे नेहमीचे वकील सांगतील.

तुम्ही पाठवलेली खरेदी ऑर्डर मी उलटून पाहिली. मागे करड्या शाईत, भिंग घेऊन वाचावी लागतील अशी कलमं आहेत. अकरावं कलम म्हणतं की या व्यवहारातल्या कुठल्याही वादात फक्त दुबईच्या न्यायालयांना अधिकार राहील. त्याच्या बरोब्बर खाली तुमच्या फर्मचा गोल जांभळा शिक्का आणि तुमची सही. तुमच्या पत्रात या कलमाचा उल्लेखसुद्धा नाही, म्हणजे सही करताना वर काय छापलंय ते वाचलंच नव्हतं. टॉवेलचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचं वजन, दोन ग्रॅमनी कमी भरलं तर तुम्ही लोक अख्खा लॉट बाजूला काढता. कागदाच्या बाबतीत ही नजर कुठे जाते, कोण जाणे.

यातला ‘फक्त’ हा शब्द तुमचं प्रकरण ठरवतो. तो नसता तर सोलापूरलाही अधिकार आहे असं म्हणता आलं असतं, कारण माल इथे तयार झाला आणि पैसे इथल्या बँकेत यायचे होते. पण परदेशी न्यायालय ठरवून घ्यायची पक्षकारांना मुभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मोदी एंटरटेनमेंट प्रकरणात मान्य केलं आहे. त्याला अपवाद आहेत, पण तुमच्या कागदांत मला तसा एकही दिसत नाही. समजा, समोरचा हजरच झाला नाही आणि तुम्हाला एकतर्फी हुकूमनामा मिळाला. बजावणार कुठे? त्याचं दुकान, गोदाम, बँक खातं सगळं दुबईत. तिथला न्यायाधीश पहिल्यांदा हेच विचारणार की हा वाद ऐकायचा अधिकार सोलापूरला होता का, आणि उत्तर तुमच्याच शिक्क्याच्या वर छापलेलं आहे.

तुम्ही वाचलंत ती बातमी बहुधा १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेची असावी. ती उलट्या दिशेची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली दुबईच्या हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीची मागणी, सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात करता येते, एवढंच ती सांगते. इथला निकाल तिकडे न्यायचा तर भारत आणि यूएईमधला १९९९ चा करार पाहावा लागतो, आणि तिथेही अधिकाराचा प्रश्न सुटत नाही.

आता उशिराबद्दल. बिल ऑफ लेडिंग ६ मार्च २०२३ चं आहे. ९० दिवस ४ जून २०२३ ला भरले. आपल्याकडे उधारीच्या मालाच्या किमतीसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षांची, आणि तुम्ही मला लिहिलंत तोवर तीही उलटून गेली. मुदत कायद्याच्या कलम १८ खाली मुदत वाढायला लेखी, सहीनिशी कबुली लागते आणि ती मुदत संपण्यापूर्वीची हवी. ‘इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ’ आणि पुढे हात जोडल्याची इमोजी, याला कोर्ट कबुली म्हणेल की नाही, यावर मी पैज लावणार नाही. प्रतिवादी भारताबाहेर असलेला काळ वगळायची सोय त्याच कायद्याच्या कलम १५(५) मध्ये आहे, पण परदेशी कंपनीला ती कितपत लागू होते यावर समोरचा वकील वाद घालणारच.

गंमत अशी की खरेदी ऑर्डरच्या ज्या अकराव्या कलमाने तुमची इथली वाट अडवली, त्यानेच तुम्हाला वेळ मिळवून दिलाय. यूएईचा नवा व्यापारी व्यवहार कायदा २ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. पूर्वी तिकडे व्यापारी देण्यांसाठी दहा वर्षं होती, ती आता पाच झाली. तुमचा कंटेनर त्यानंतर निघाला. म्हणजे वरवर पाहता तिथे दावा अजून जिवंत आहे. मोजणी नेमकी कुठून सुरू होते, हे मात्र तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. मी दोन्हीकडच्या कागदांत वावरतो, पण त्या कोर्टात उभा राहू शकत नाही.

तिथला खटला आपल्यासारखा नसतो. साक्षीदार, उलटतपास, तारखेला जाऊन बाकावर बसणं, हे जवळपास नाहीच. न्यायाधीश कागद वाचतो, हिशेबाचा वाद असेल तर कोर्ट तज्ज्ञ नेमतं, आणि सगळं अरबीत. भाषांतर परवानाधारक अनुवादकाकडूनच लागतं. (‘दुबई कोर्ट’ म्हणजे डीआयएफसी या दुबईतल्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्रातलं इंग्रजी कोर्ट नव्हे. ते हवं असतं तर कलमात तसं लिहायला हवं होतं.) तिथल्या वकिलाला द्यायचं मुखत्यारपत्र आधी नोटरीकडे, मग राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात, आणि तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. यात आठवडे जातात, म्हणून ते आजच सुरू करा.

देणं लेखी आणि रक्कम ठरलेली असेल तर तिथे अदायगी आदेश, म्हणजे पैसे देण्याचा थेट हुकूम, मागता येतो. आधी किमान पाच दिवसांची नोटीस द्यायची, मग अर्ज. हा रस्ता नेहमीच्या दाव्यापेक्षा बराच जवळचा. त्यासाठी फोनवर भांडणं थांबवा. गोड बोलून त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह शिल्लक रकमेचं पत्र काढून घ्या. खातेवही जुळवायची आहे, ऑडिटर मागतोय, असं सांगा. खोटंही नाही ते. तुमच्या बँकेत ते शिपिंग बिल (निर्यातीची कस्टम्स नोंद) पैसे न आल्याने अजून उघडंच असणार आणि बँक विचारतच असेल.

ईसीजीसीचा (निर्यातीची उधारी बुडाल्यास भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा होता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर पॉलिसी काढून क्लेमची मुदत बघा. तीही गेली असेल अशी मला भीती आहे.

आणि खरेदी ऑर्डरची मूळ प्रत शोधा. मला पाठवलीत ती झेरॉक्स आहे.