सुईआधी बोटं

प्रश्न : लेकीला चिनी अ‍ॅक्युपंक्चर आणि मसाज शिकायचंय. लगेच सुया हातात देतात का? – एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही हो ताई. आम्हाला आधी तुईना, म्हणजे चिनी मसाज. तांदळाच्या पिशवीवर अंगठा फिरवून फिरवून माझं मनगट भरून यायचं. मग अंगावर सुई टोचायचे 361 बिंदू पाठ. मोजमाप रुग्णाच्याच बोटांनी: गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेर एक बोट, तिथे झुसानली नावाचा बिंदू. बाईंनी माझं बोट धरून तिथला खळगा दाखवला, तो स्पर्श अजून आठवतो. पहिली सुई मी तिथेच, स्वतःला टोचली. पाय जड झाला. त्या जाणिवेला 'दे छी' म्हणतात.

प्रवेशाआधी एवढं मात्र विचाराच: शरीररचना नीट शिकवतात ना? खांद्यावरची सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते.