गाडीवाल्या काकांना विचारा : मस्टँग की कॅमेरो?

प्रश्न : मुलगा मिशिगनमध्ये नोकरीला आहे. त्याला 1967 ची मस्टँग घ्यायचीय, तर ऑफिसातला मित्र म्हणतो त्याच सालची कॅमेरो घे. रोज यावरून जुंपते आणि फोनवर आम्हाला ऐकावं लागतं. इतक्या जुन्या गाड्यांत भांडण्यासारखं आहे काय? ऑगस्टमध्ये आम्ही तिकडे जाणार आहोत. त्याला काय सांगू? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधीच सांगून टाकतो, मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि माझ्या गॅरेजमध्ये 1966 ची सहा सिलिंडरची मस्टँग उभी आहे. त्यामुळे मला पंच समजू नका.

भांडण कॅमेरोच्या जन्मापासूनचं आहे. फोर्डनं 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग काढली. खालचं बरंचसं सामान फाल्कन या साध्या घरगुती गाडीचं, वर लांब बॉनेट, आखूड डिकी आणि किंमत 2,368 डॉलरपासून. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. जनरल मोटर्सला गप्प बसून चालणारच नव्हतं. सप्टेंबर 1966 मध्ये त्यांच्याच शेव्हरले कंपनीनं कॅमेरो आणली ती मस्टँगला गाठायलाच.

मग मामला ट्रान्स-ॲम या अमेरिकी शर्यतींच्या मालिकेत गेला. तिथे इंजिनाला पाच लिटरची मर्यादा. शेव्हरलेनं 327 घनइंची इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मुख्य धडात, 283 घनइंचीचा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) बसवला, 302 घनइंचांचं, पाच लिटरच्या जरा आतलं इंजिन झालं, आणि झी-28 ही शर्यतीसाठीची कॅमेरो मर्यादेत बरोबर बसली. 1966 आणि 67 चं विजेतेपद फोर्डचं, 68 आणि 69 चं मार्क डोनोह्यू या ड्रायव्हरच्या कॅमेरोचं, 1970 ला ‘बॉस 302’ नावाच्या मस्टँगनं ते परत हिसकावलं. त्या बॉसचं रूप घडवणारा लॅरी शिनोडा जनरल मोटर्समधूनच आलेला. कॅमेरोवाले हे दर वेळी ऐकवतात. आम्ही ऐकून घेतो, काय करणार!

माझा शेजारी कॅमेरोवाला. शेव्हरलेच्या व्ही-एटचा (आठ सिलिंडरच्या इंजिनाचा) डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग, पार मागे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला चिकटून. फोर्डच्या छोट्या व्ही-एटचा पुढे, हाताशी. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावायची म्हटलं की शेजारी फेंडरवर जुनी गोधडी टाकून ओणवा होतो, एका हातात टायमिंग लाइट, दुसऱ्या हाताने डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवतो, कपाळ जवळजवळ एअर क्लीनरला टेकलेलं. मी म्हटलं, फोर्डवाले हे काम उभ्यानं करतात. त्यावर म्हणाला, ‘तुझ्या गाडीत इंजिन कुठंय, शिलाई मशीन आहे ते!’ पण माझ्या गाडीचा कार्ब्युरेटर तुंबला, तेव्हा सगळ्यात आधी तोच आला होता. चिरंजीवांच्या भांडणाची काळजी करू नका.

आता कामाचं. दोघांपैकी ज्या गाडीचा पत्रा शाबूत असेल ती घ्यावी. मस्टँगच्या पुढच्या काचेखाली हवेची जाळी असते. तिच्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि आत पायाशी हात लावून बघायचा. कार्पेट ओलं झालं तर आतला पत्रा कुजलाय. तिथे पोचायला स्पॉट वेल्डिंग फोडावं लागतं आणि कारागीर त्याचे पैसे सोडत नाही. 1967 च्या कॅमेरोला मागे एकाच पानाचा पाटा (स्प्रिंग). व्ही-एटवर जोरात रेस दिली की मागची चाकं थयथय नाचतात.

फसवणूक कॅमेरोत जास्त. 1967 ची झी-28 अवघ्या 602 विकल्या गेल्या, पण ‘झी-28’ म्हणून विकायला भरपूर निघतात. त्या सालच्या कॅमेरोच्या चॅसी नंबरवरून सहा सिलिंडर की आठ एवढंच कळतं, झी-28 आहे का ते नाही. मस्टँगच्या नंबरातलं पाचवं अक्षर मात्र इंजिन सांगतं. के असेल तर जोरकस 289 घनइंची व्ही-एट, टी असेल तर माझ्यासारखी सहा सिलिंडर.

ऑगस्टचा तिसरा शनिवार हाताशी ठेवा. त्या दिवशी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते. घडीची खुर्ची आणि टोपी न्या, ऊन असतं.

प्रश्न : प्लिमथ बाराकुडा मस्टँगच्या आधी आली होती ना? मग सगळं कौतुक मस्टँगलाच का? — वाचक, ठाणे

उत्तर : आली होती, 1 एप्रिल 1964 ला, म्हणजे दोन आठवडे आधी. पण पुढून बघितलं की थेट व्हॅलियंट, प्लिमथचीच साधी घरगुती गाडी. मागची प्रचंड काच सोडली तर नवं फारसं दिसायचं नाही. पहिल्या सालात तेवीस हजारांच्या वर गेल्या. फोर्डच्या सांगण्यानुसार मस्टँगला पहिल्याच दिवशी 22,000 ऑर्डरी आल्या. तरी बाराकुडावाल्यांची कीव करू नका. 1971 ची ‘हेमी’ या ताकदवान इंजिनाची, उघड्या टपाची कुडा (बाराकुडाचाच जोरकस प्रकार) 2014 च्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली. तेवढ्यात माझ्यासारख्या मस्टँगांची अख्खी गल्ली येईल.