दोराच्या टोकाची गाठ

प्रश्न: आम्ही चौघं मित्र वर्षभर जिममधल्या कृत्रिम भिंतीवर क्लाइंबिंग करतोय. आता पहिल्यांदाच बाहेर, खऱ्या कातळावर जायचं ठरतंय. तो दिवस कसा असतो? भिंतीपेक्षा नेमकं वेगळं काय?

उत्तर:

भिंतीवर निम्मा विचार आधीच कुणीतरी करून ठेवलेला असतो. दोर पुरेसा लांब असतो, दोर अडकवायचे बोल्ट तपासलेले असतात, कुठल्या होल्डला, म्हणजे पकडीला, हात घालायचा ते रंगावरून कळतं. बाहेर ही सगळी कामं तुमच्या चौघांवर येतात. मला हे कळलं ते बदामीत, आमच्या पहिल्याच दिवशी, म्हणून तोच दिवस सांगतो.

बदामी कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर स्टेशन आहे, गाव तिथून थोडं आत. चालुक्यांची लेणी आणि अगस्त्य तलाव पाहायला लोक येतात, आणि थंडीत महाराष्ट्रातले क्लाइंबर येतात ते तिथल्या तांबड्या वालुकाश्मासाठी. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. त्यात थरांमधून गवत, घसारा, हाताला आलेला दगड सुटणं हे नेहमीचं. बदामीचा दगड त्या मानाने सलग आणि खरखरीत, शिवाय बऱ्याच मार्गांवर बोल्ट मारलेले आहेत. जिममधून येणाऱ्यांना तो लवकर जमतो. मात्र पाऊस पडून गेला असेल तर हात लावू नका. वालुकाश्म पाणी शोषून घेतो, ओला असताना कमकुवत होतो आणि होल्ड तुटतात. ते परत बसवता येत नाहीत. लेण्यांच्या आणि किल्ल्याच्या संरक्षित भागात चढू नये, हे तर उघडच आहे.

आम्ही डिसेंबरात गेलो होतो. पहाटे उठलो, कारण डिसेंबर असला तरी दहा वाजल्यानंतर उन्हातला दगड तापतो, बोटांना घाम येतो आणि चॉक (हात कोरडे ठेवणारी पूड) कितीही लावला तरी पकड राहत नाही. म्हणून सकाळी सावली कुठे आणि दुपारी कुठे, हे पाहूनच भिंत निवडायची. खाण्याची पिशवी उघडी टाकून चढायला लागलो तर माकडांनी ती पाचच मिनिटांत रिकामी केली. आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे आग्या मोहोळ. कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली ते असतं. दिसलं तर तो मार्ग सोडून द्या, जवळपास आरडाओरडा किंवा धूर नको. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे एका ओळखीच्याचा दोर होता. साठ मीटरचा, असं आम्ही धरून चाललो होतो. मार्ग साधारण २७ मीटरचा. वरच्या अँकरमधून, म्हणजे मार्गाच्या शेवटी पक्क्या बसवलेल्या आधारातून, दोर फिरून खाली येतो, म्हणजे खाली उतरवायला उंचीच्या दुप्पट दोर लागतो: ५४ मीटर. साठमध्ये आरामात बसतं. प्रत्यक्षात टोकं झिजली म्हणून तो दोर कधीतरी दोन्ही बाजूंनी कापलेला होता आणि जेमतेम पन्नास मीटर उरला होता. आमच्यापैकी कुणीही तो हाताने मोजला नाही.

सकाळी दोर मोकळा करताना आमच्यातल्या एका मैत्रिणीने त्याच्या टोकाला घट्ट गाठ मारली. जिममध्ये आम्ही हे कधी केलं नव्हतं, तिने मात्र न विचारता केलं. मित्र लीड करून, म्हणजे दोर खालून बरोबर नेत आणि वाटेतल्या बोल्टमध्ये अडकवत, वर पोचला, अँकरमधून दोर ओवला आणि दोर ताणून धरायला ओरडला, "घे!" मी त्याला हळूहळू उतरवायला लागलो. माझी नजर त्याच्यावर होती, शेजारी पडलेल्या दोराच्या वेटोळ्यांवर नव्हती. अचानक माझ्या हार्नेसवरचं बिले उपकरण (ज्यातून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळतात ते) अडकलं. खाली पाहिलं तर गाठ तिथे येऊन बसली होती. मित्र जमिनीपासून दीड माणूस उंचीवर लटकलेला. गाठ नसती तर दोराचं टोक उपकरणातून सरकन निघून गेलं असतं आणि तो खालच्या खडकांवर पडला असता.

मी भिंतीपासून तीन-चार मीटर मागे उभा होतो. पायथ्याशी सरकलो तसा तो थोडा खाली आला, मग मी तिथल्या एका धोंड्यावर चढलो. आणखी थोडा खाली. त्याचे पाय एका आडव्या कंगोऱ्याला लागले, बाकीच्या दोघांनी खालून आधार दिला आणि तो उतरला. कुणीच काही बोललं नाही. मग आम्ही बसून पूर्ण दोर हातांनी मोजला आणि मध्यावर खूण केली. मार्गाची उंची आणि दोराची लांबी जमिनीवरच मोठ्याने बोलायची, हा आमचा नियम तेव्हापासून आहे. तुम्हीही तो पहिल्याच दिवशी करा.

दुसरा नियम बोलण्याचा. वाऱ्यात आणि शेजारच्या गटाच्या आवाजात "घे" आणि "दे" सारखंच ऐकू येतं. म्हणून आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव, मग शब्द. वर पोचल्यावर "मला खाली उतरवायचं" की "मी स्वतः रॅपल करणार" (दोरावरून आपलं आपण उतरणार), हे चढायच्या आधीच ठरवा. खालचा आपल्याला उतरवणार असं गृहीत धरून वरच्याने मागे रेलायचं आणि खालच्याने बिले सोडून दिलेला असायचा, असे अपघात अनुभवी लोकांचेही झालेले आहेत.

हेल्मेट खाली उभ्या असलेल्यानेही घालायचं, वरून दगड त्याच्याच डोक्यावर येतो. जिममध्ये चढता त्यापेक्षा काठिण्याच्या दोन पायऱ्या सोप्या मार्गाने सुरुवात करा, कारण होल्ड शोधण्यातच हात थकतात. आणि पहिल्या वेळेस बाहेर लीड करण्याचा अनुभव असलेलं कुणीतरी बरोबर हवंच. चौघंच गेलात तर अँकर पारखणार कोण?

दिवसाचा मोठा भाग तुम्ही जमिनीवरच असाल. मला तर तो भाग चढाईइतकाच आवडतो. दोर हातात, मान वर, मित्राचा पाय थरथरतोय हे खालून दिसतंय, आणि तुम्ही "डावीकडे, गुडघ्याजवळ खोबण आहे" म्हणता तेव्हा त्याचा पाय तिथे बसतो.

दुपारनंतर आम्ही आणखी तीन मार्ग केले, सगळे छोटे. संध्याकाळी गावातल्या खानावळीत ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि भरली वांगी. भाकरी मोडताना बोटांची टोकं चुरचुरत होती. सकाळी लटकलेला मित्र बराच वेळ गप्प होता, मग त्याने विचारलं, "उद्या सकाळी सावली कुठल्या भिंतीवर असेल?"