नाटक पाठ आहे, पण उत्तर जमत नाही

परीक्षा महिन्यावर आली की माझ्यासमोरच्या खुर्चीत दरवर्षी एक वाक्य येऊन बसतं. माणसं बदलतात, वाक्य तेच. "मॅडम, नाटक अख्खं पाठ आहे, पण निबंध लिहिला की मार्कच पडत नाहीत." कवितेबद्दल, कादंबरीबद्दल ही तक्रार अधूनमधून येते. नाटकाबद्दल मात्र हमखास. इतक्यांदा ऐकलं की आता एकदाचं लिहूनच टाकते. खाली जी मुलगी येते तिच्यात दोन-तीन जणांची सरमिसळ आहे. एक तर ओळख पटू नये म्हणून, आणि दुसरं, त्या सगळ्यांची गाडी एकाच जागी अडली होती.

मी समुपदेशक आहे, साहित्याची प्राध्यापक नाही. कॉलेजात दोन एकांकिकांचा पडदा ओढला, एवढाच माझा रंगभूमीशी संबंध. पण विंगेत उभं राहून घेतलेलं ते शिक्षण पुढे कामाला आलं.

ती एम.ए.ची विद्यार्थिनी. पहिल्याच भेटीत तिने चाचणीचा पेपर टेबलावर ठेवला. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर प्रश्न होता : बेणारेला बळी म्हणणे कितपत योग्य आहे? चर्चा करा. (बेणारे ही नाटकातली शिक्षिका. तिच्याच नाटकमंडळीतले लोक खेळ म्हणून तिच्यावर लुटुपुटूचा खटला भरतात, आणि तो तिच्या खऱ्या आयुष्यावर, लग्नाशिवायच्या गरोदरपणावर येऊन ठेपतो.) उत्तराला दोन पुरवण्या, गुण वीसपैकी आठ आणि समासात लाल पेनाने एकच शब्द, 'कथानक'.

"दोन पुरवण्या लावल्या, मॅडम. काही म्हणजे काही सोडलं नाही."

"सोडलं असतंस तर काय झालं असतं?"

ती जरा थांबली. "सरांना वाटलं असतं, हिने नाटक वाचलंच नाही."

भीतीच्या आधी एक वाक्य असतं, असं मी इतक्या वर्षांच्या कामानंतर ठामपणे मानते. घाम फुटणं, हात जड होणं, वेळेचं भान सुटणं हे सगळं त्या वाक्याच्या मागून येतं. ते सापडलं की अर्धं काम झालं. तिचं वाक्य होतं, 'मी वाचलंय हे सिद्ध करायचंय.' ते डोक्यात घेऊन लिहायला बसलं की निबंधाची जबानी होते, आणि जबानी देणारा क्रम सोडत नाही. मग हे झालं, त्यानंतर ते झालं.

मी तिच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, 'मग', 'नंतर', 'पुढे' या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं अधोरेखित कर. सव्वीस निघाली. मोजताना तिलाच हसू आलं.

पुढच्या दोन भेटी मात्र वाया गेल्या, आणि चूक माझीच होती. "तपासणाऱ्याने नाटक वाचलेलं आहे, त्याला गोष्ट नको, तुझं म्हणणं हवंय," असं मी तिला समजावून सांगितलं. तिला ते पटलंही. पण पुढचं उत्तर तिने असं लिहून आणलं की त्यात नाटकच शिल्लक नव्हतं. 'समाजाचा दांभिकपणा', 'स्त्रीची घुसमट', 'प्रवृत्तींवर भाष्य'. कुठल्याही नाटकाला चिकटवता येतील अशी लेबलं नुसती. पटलेलं सगळंच हाताला कळत नाही, हे मला तरी माहीत असायला हवं होतं.

चौथ्या भेटीत ती सहज म्हणून गेली, "शेवटच्या त्या लांब भाषणात बेणारे सगळ्यांना खडसावते."

पडदा ओढणाऱ्याच्या सवयीने मी विचारलं, "तेव्हा बाकीचे कुठे असतात?"

"स्टेजवरच."

"काय करत असतात?"

तिने पुस्तक उघडलं. "आहेत तिथे थिजलेले असतात."

"मग तिने खडसावलं ते ऐकलं कोणी?"

ती किती वेळ गप्प होती ते मी मोजलं नाही. मोजायचं नसतंच. एरवी बोलबोल करणारी ही मुलगी पानावर बोट ठेवून बसली होती. शेवटी अगदी हळू म्हणाली, "कोणीच नाही. फक्त आपण."

पुढचं सगळं तिचं तिनेच काढलं. न्यायाधीशाच्या खुर्चीतले काशीकर बेणारेला आपलं म्हणणं मांडायला दहा सेकंद देतात. ती प्रेक्षकांसमोर सगळं आयुष्य उलगडते. ते संपतं आणि कोर्ट असं पुढे चालू होतं की जणू आरोपी काही बोललीच नाही. "म्हणजे ती बळी आहे, पण मुकी नाही," ती म्हणाली. "तिचं बोलणं कोर्टाच्या कानांपर्यंत पोचूच दिलेलं नाही." मी म्हटलं, "हे तुझ्या उत्तराचं पहिलं वाक्य."

मग एकामागोमाग एक आठवायला लागलं. पहिल्या अंकात आल्या आल्या दाराच्या कडीत बेणारेचं बोट चेमटतं. आपण वाचताना ते सोडून देतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती बाहेर पडायला धावते, तेव्हा तेच दार उघडत नाही. ज्या प्रोफेसर दामल्यांमुळे तिच्यावर ही वेळ आली, ते नाटकभर मंचावर येतच नाहीत. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करावा. हे सगळं तिला पाठच होतं. फक्त पुराव्यासारखं वापरता येत नव्हतं.

त्या दिवसापासून नाटकाचा पेपर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते. या क्षणी मंचावर कोण आहे? बोललेलं कोणाला ऐकू जातंय? हातात काय आहे? आणि कोण असायला हवं होतं, पण नाही? शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मध्ये मॅक्बेथ राजा डंकनचा खून करतो, तो आपल्याला दिसत नाही. दिसतात ते खंजीर, जे मॅक्बेथने तिथेच ठेवून यायचे होते आणि तो भांबावून हातात घेऊन आला. महत्त्वाकांक्षेवर पानभर लिहिण्यापेक्षा त्या खंजिरांवर चार ओळी लिहा. कादंबरीत लेखक पात्राच्या मनात शिरून सांगू शकतो. नाटकात हालचाल, वस्तू, आवाज आणि शांतता एवढ्यावरच भागवावं लागतं, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिलं की उत्तर आपोआप नाटकाचं होतं.

बाकीचं थोडक्यात. प्रश्नात 'कितपत' आहे म्हणजे नुसतं हो किंवा नाही चालणार नाही. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारा एक तरी प्रसंग स्वतःहून काढा आणि त्याला उत्तर द्या. संवाद उद्धृत करायचा तर पाच-सहा शब्दांचा, आणि त्यातल्या एखाद्या शब्दाबद्दल पुढे काही म्हणायचं असेल तरच. पंचेचाळीस मिनिटांच्या उत्तरातली पहिली सात-आठ मिनिटं पेन खाली ठेवा. शेजारचा पुरवणी मागतोय म्हणून धसका घेऊ नका. प्रस्तावनेत नाटककाराचं चरित्र नको. जन्मसालाला गुण नसतात. १९६७मध्ये हे नाटक रंगमंचावर आलं, हे सांगायला हरकत नाही, पण त्या सालाचं पुढे काही करणार असाल तर.

शेवटच्या भेटीत ती उठता उठता म्हणाली, "मॅडम, पेपर लिहिताना मी पण आरोपीच्या पिंजऱ्यातच उभी असते ना?" हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. तोंडावर आलंही होतं. गिळलं, याचं मला आजही बरं वाटतं.

परीक्षा झाल्यावर तिचा फोन आला. प्रश्न भलत्याच नाटकावर आला होता, तिने फारसा न केलेल्या. कसं गेलं हे मी विचारायच्या आत म्हणाली, "एकच पुरवणी लावली, मॅडम. तीही अर्धी कोरी."