वाचकांचे प्रश्न : कोळसा खाणीत राबलेल्या पणजीचा माग

प्रश्न : आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात. १९३५ च्या आसपास पणजोबा-पणजी पोटासाठी मध्य प्रांतात, परासियाकडच्या (आज मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात) कोळसा खाणीत गेले आणि १९६० च्या सुमारास परत आले. पणजी 'खाली उतरून टब भरायची' (टब म्हणजे खाणीतली कोळशाची लहान गाडी) एवढंच घरात सांगतात. तिची कागदोपत्री नोंद कुठे मिळेल? (एक वाचक, विटा)

उत्तर : 'खाली उतरायची' हे घरातलं वाक्य सगळ्यात आधी लिहून ठेवा. तारखा त्यातूनच निघतात. बायकांना जमिनीखालच्या कामावरून टप्प्याटप्प्यानं काढायचे नियम १९२९ साली झाले आणि १ ऑक्टोबर १९३७ पासून पूर्ण बंदी आली. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला म्हणून १९४३ मध्ये ती उठवली, आणि १ फेब्रुवारी १९४६ ला पुन्हा लागू केली. म्हणजे पणजी खाली उतरली असेल ती बहुधा १९३७ च्या आधी, नाहीतर १९४३ ते ४६ च्या दरम्यान. बाकीची वर्षं ती वर असणार. कोळशातला दगड वेचणं, टोपल्या वाहणं, वॅगन भरणं ही तिकडची बायकांची कामं. तिकडच्या कागदांत बाई मजुराला 'रेजा' म्हटलेलं असतं, तो शब्द दिसला की थांबून नीट वाचा.

जुन्या काळचा पगार टबावर असे. नवरा कोळसा तोडी, बायको भरून ओढी, आणि टब पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा टोळीच्या नावावर मोजले जात. म्हणून त्या वर्षांत तिचं नाव मिळालं नाही तर ती कामावर नव्हती असं धरू नका. आधी पणजोबांचा कागद शोधा.

सर्वांत कामाचं रजिस्टर म्हणजे 'फॉर्म बी'. १९५२ च्या खाण कायद्याखाली प्रत्येक खाणीला ते ठेवावं लागे. त्यात नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, मूळ गाव आणि जिल्हा, कामाचा प्रकार, कामावर लागल्याची तारीख आणि अंगठा असतो. १९६० पर्यंत ती कामावर असेल तर नाव इथे असायला हवं. दुसरा कागद भविष्य निर्वाह निधीचा. १९४८ च्या कायद्यानं कोळसा कामगारांसाठी हा निधी सुरू झाला, त्याचं मुख्य कार्यालय धनबादला आहे. त्यातल्या नामनिर्देशनात बाईनं वारस म्हणून कुणाचं नाव दिलं हे कळतं. १९४१ च्या प्रसूती लाभ कायद्याखालची पैसे दिल्याची नोंद मिळाली तर पणजीच्या एखाद्या बाळंतपणाची तारीखच हाती येते, पण त्या वह्या टिकलेल्या असणं नशिबाचं.

१९७३ साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. परासियाचा भाग आज वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहे आणि कंपनीचं मुख्यालय नागपूरला. माहिती अधिकाराचा अर्ज तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतीला पानामागे २ रुपये. 'माझ्या पणजीची सगळी माहिती द्या' असं लिहिलंत तर अर्ज परत येऊ शकतो. खाणीचं तेव्हाचं नाव, वर्षांचा टप्पा, नवऱ्याचं नाव, गाव आणि 'फॉर्म बी मधील नोंदीची प्रत' एवढंच मागा. तिचा मृत्यूदाखला आणि तुमच्यापर्यंतची वंशावळ जोडा, नाहीतर खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. खाणीचं नाव ठाऊक नसेल तर अर्ज करू नका, आधी घरातली जुनी पाकिटं, मनीऑर्डरच्या पावत्या चाळा. पोस्टाच्या शिक्क्यावरून परिसर कळतो.

एक खास आपल्याकडची अडचण. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधी खानापूर, तासगाव, वाळवा, शिराळा सगळे साताऱ्यात होते, आणि आटपाडी औंध संस्थानात. तेव्हा रजिस्टरात 'जि. सातारा' दिसलं म्हणून नोंद दुसऱ्याची समजून टाकून देऊ नका. तिकडच्या कारकुनानं गावाचं नाव हिंदीच्या वळणानं लिहिलेलं असेल हेही धरून चला.

जनगणनेचे कागद पुष्कळ जण विचारतात. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माणसागणिक नोंदी बघायला मिळत नाहीत. तिकडे वेळ घालवू नका.

प्रश्न : पणजोबा खाणीतल्या अपघातात गेले. पणजी दोन लहान मुलांना घेऊन गावी आली. तिचं नाव कुठे सापडेल? (एक वाचक, कराड)

उत्तर : दोन ठिकाणी. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानुसार मृत्यूची भरपाई परस्पर हातात देता येत नसे, ती आयुक्ताकडे भरावी लागे. त्या प्रकरणात विधवेचं नाव, मुलांची वयं आणि पत्ता असतो. अपघात ज्या जिल्ह्यात झाला तिथे विचारा. साल पक्कं नसेल तर खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल बघा, त्यांत प्राणघातक अपघात तारखेनिशी येतात. छिंदवाड्याकडच्या न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ ला पाणी शिरून ६३ कामगार गेले, तसे मोठे अपघात शोधायला सोपे.

दुसरं ठिकाण गावचा फेरफार. नवरा गेल्यावर वारस नोंद झाली असेल तर मुलं अज्ञान म्हणून 'अ.पा.क. आई' (अज्ञान पालनकर्ता आई) असं लिहून तिचं नाव येतं. सातबाऱ्यावरच्या वर्तुळातला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक, तो घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा.

प्रश्न : पणजीचं माहेर आणि माहेरचं नाव शोधायचं आहे. सासरी नाव बदललेलं होतं. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते पुढच्या पिढीकडून मागे जात करावं लागतं. आधी तिच्या मुलांच्या जन्मनोंदी काढा. जुना गाव नमुना नंबर १४ जन्म-मृत्यूचा होता. आज त्या आकड्याचा नमुना वेगळा आहे, म्हणून अर्जात 'जन्म-मृत्यू नोंदवही' असंच लिहा. पहिलं बाळंतपण सहसा माहेरी होत असे, त्यामुळे थोरल्या मुलाची नोंद सासरच्या गावी मिळाली नाही तर ती आनंदाची बातमी समजा. आजूबाजूच्या गावांत शोधा, जिथे मिळेल ते बहुधा माहेर.

तिच्या स्वतःच्या जन्माच्या नोंदीत पुष्कळदा नाव नसतंच. तारीख, बापाचं नाव आणि 'मुलगी', एवढ्यावर ओळख पटवायची. भावांची नावं माहीत असतील तर त्याच बापाच्या बाकीच्या नोंदींशी ताडून बघता येतं. कागद मोडीत असतील. नावामागे 'कोम', 'मर्द' किंवा 'भ्र.' आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं, 'बिन' आलं तर बापाचं. ही गल्लत झाली की अख्खी वंशावळ एका पिढीनं सरकते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरं उघडली गेली, त्यामुळे मोडी वाचणारी माणसं आता तहसीलच्या आसपास भेटतात.

कागद संपले की वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांना विचारा. सुगीनंतर ते गावात येतात, घराण्याच्या पिढ्या त्यांच्याकडे असतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या गाव आणि आडनावानुसार लावलेल्या असतात. बापाच्या श्राद्धाला गेलेल्या मुलानं आईचंही नाव तिथे लिहवलेलं असण्याची शक्यता चांगली असते. जाताना आजचं नव्हे, जुनं आडनाव आणि मूळ गाव सांगा.