काँक्रीटच्या जलतरण तलावाला रंग देण्यापूर्वी ॲसिडचे प्रमाण किती ठेवावे?

मळ्यातल्या काँक्रीटच्या तलावाला रंग द्यायचा आहे आणि रंगारी आधी ॲसिड मारायला सांगतो, तर ते किती घ्यावे, असे आपण विचारले आहे. प्रमाण खाली देतो. पण कोल्हापूर भागात बांधकामाची कामे पाहताना मला असे दिसले आहे की, रंगाचे पोपडे सुटतात ते बहुतेक वेळा ॲसिडच्या आधीची सफाई आणि नंतरची धुलाई घाईने उरकल्यामुळे.

तलाव रिकामा केव्हा करायचा, हे आधी ठरवावे. मळा पंचगंगेच्या काठी, चिखली-आंबेवाडीच्या बाजूला असेल, तर पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही काळ जमिनीतील पाणी वर आलेले असते. रिकाम्या तलावाला ते खालून रेटते, तळाला तडे जातात आणि प्रसंगी सबंध तलावच उचलला जातो. म्हणून हे काम मार्च ते मे या काळात, शेजारच्या विहिरीची पातळी पाहून करावे. काँक्रीट नवे असेल, तर त्याला 28 दिवस पूर्ण होऊ द्यावेत.

ॲसिड तेलकट थरावर काम करत नाही आणि जुन्या रंगाखाली पोहोचत नाही, त्यामुळे डाग डिटर्जंटने घासून आणि सुटा रंग खरवडून काढावा. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरलीत, तर तिचा मागमूस उरणार नाही इतके पाणी मारावे, कारण तिच्यावर ॲसिड पडले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रसायनांच्या दुकानात मिळणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण 30 ते 33 टक्के तीव्रतेचे असते. त्याच्या एका भागाला तीन ते चार भाग पाणी पुरते, मात्र रंगाच्या डब्यावर वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळावे. बाथरूमसाठी सुट्या बाटलीत मिळणाऱ्या ॲसिडची तीव्रता कोणालाच माहीत नसते, तेव्हा ते घेऊ नये. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात ॲसिड सावकाश ओतावे. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये, कारण ते उसळून अंगावर येते. पृष्ठभाग ओला करून, साचलेले पाणी काढून, प्लॅस्टिकच्या झारीने थोड्या थोड्या भागावर द्रावण सोडावे आणि ताठ ब्रशने घासावे. काँक्रीटमधील चुन्याशी संयोग होऊन फेस येतो. जिथे तो येत नाही, तिथे तेल किंवा रंग शिल्लक आहे असे समजावे. फेस ओसरला की द्रावण वाळण्याआधीच धुवावे.

ॲसिडची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खोल बाजूला साचते. तोंडाला ओला रुमाल बांधून उतरणारे कामगार नेहमी दिसतात. त्याचा उपयोग नाही. आम्लवायू गाळणारे काडतूस (कार्ट्रिज) बसवलेला मास्क, गॉगल, रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच, शिवाय काठावर एक माणूस हवा. सळई उघडी पडली असेल किंवा गिलावा पातळ झाला असेल, तर मी ॲसिड सुचवणारच नाही. तिथे ग्राइंडरने घासणे बरे.

ॲसिड धुऊन काढल्यावर पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून तो सगळीकडे मारावा, पुन्हा दोनदा स्वच्छ धुवावे आणि ओल्या पृष्ठभागावर लिटमस कागद लावून आम्लता उरलेली नाही याची खात्री करावी. धुतलेले पाणीही सोड्याने उदासीन करावे. ते ओढ्यात किंवा उसाच्या सरीत सोडू नये.

पृष्ठभाग हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला आणि पाण्याचा थेंब लगेच शोषला गेला, की तयारी झाली. त्यानंतर दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिक कागद तळाला चारही बाजूंनी चिकटवून किमान 16 तास ठेवावा. खाली दव दिसल्यास आणखी वाळू द्यावे. आणि कडक उन्हात आठवडाभर वाळवूनही दव येतच असेल, तर ओल जमिनीतून येत आहे, तेव्हा रंगाचा विचार थांबवून आधी तळाची गळती तपासून घ्यावी.