फुगा पडतो कुठं ते आधी सांग

बेटा,

तुझा मेसेज वाचला. मोठा फुगा, खाली पॅराशूट, थर्माकोलच्या डब्यात कॅमेरा अन् वरून पृथ्वीचा गोल काठ, भारी आहे, मी पण याच वेडापायी एका दिवाळीचा अख्खा बोनस उडवला होता. पण एवढ्या लांब मेसेजमध्ये तो खाली कुठं पडेल याची एक ओळ नाही.

30 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीच्या साधारण 1 टक्का उरतो, म्हणजे फुगा शंभरेक पट फुगून फुटणारच, मग लेटेक्सच्या, म्हणजे फुग्याच्या रबराच्या, चिंध्या, दोरी, डबा, सेल सगळं कोणाच्यातरी वावरात. दुकानदार म्हणतो लेटेक्स झाडाच्या चिकाचं असतं, कुजतं. कुजतं ना, पण महिने लागतात, कधी वर्षं, गाय तेवढी थांबते का?

माझा दुसरा फुगा वर्ध्याकडून सोडला, जानेवारीत. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात, त्यानं पार पूर्वेकडं नेला अन् उमरेडच्या अलीकडं, फुगा कुठं आहे ते सांगणाऱ्या ट्रॅकरनं मान टाकली. दोन दिवस फिरलो, मग सोडून दिलं. जुलैत फोन आला, डब्यावर नंबर होता म्हणून. गेलो तर कपाशीत डवरणी, म्हणजे बैलानं कोळपणी, चालू, नायलॉनची दोरी डवऱ्यात गुंडाळलेली, बैल उभा, अन् थर्माकोलचे पांढरे दाणे पऱ्हाटीच्या बुडाशी असे पसरलेले की वेचू म्हटलं तरी वेचता येईना. म्हातारा शिव्या देईल वाटलं. त्यानं दोरीचा गुंता हातात दिला अन् विचारलं, "हे काऊन सोडलं होतं बापा?" मी म्हटलं फोटोसाठी. "मंग, निंगाला का फोटो?"

तर दोरी सुती घे, डबा पुठ्ठ्याचा, ट्रॅकर दोन, नंबर मराठीत मोठ्या अक्षरात. एटीसीची, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांची, परवानगी लागते, ती टाळू नको. हायड्रोजन स्वस्त पडतो म्हणून तिकडं वळू नको, तो पेट घेतो अन् बघायला एकतरी बिडीवाला येतोच. आणि फक्त तापमान-दाबच पाहिजे असेल तर नागपूरहून हवामान खातं स्वतःच फुगे सोडतं, तो डेटा नेटवर फुकट आहे, तुझ्या फुग्याची गरजच नाही. गावाचा वरून फोटो हवा असेल तर बांधलेला फुगा किंवा मोठा पतंग चालतो, दोरी ओढली की परत.

तरी सोडायचाच असेल तर आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज टाकून तो कुठं पडेल त्याचा नकाशा बघ, पडायची जागा जंगलात दाखवली तर त्या दिवशी कॅन्सल. तो नकाशा मला पाठव, मग गॅसचं बोलू.